शायॅनचा तो टेकऑफ आणि माझ्या सासऱ्यांचं वजन

सोनटक्का | शुक्रवार, रात्री १०:१४

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी माझं खाजगी वैमानिकाचं लायसन्स झालं, हे जुन्या धाग्यात सांगितलं होतं. (पार्टी अजून दिलेली नाही, लक्षात आहे.) सध्या नाशिकहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी डेन्व्हरला आलेत. सासरे एसटीत तेहतीस वर्षं चालक होते. आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ते तुझं विमान मुक्कामाला कुठं असतं?" झालं. शनिवारी दुपारी आम्ही चौघांनी भाड्याच्या सेस्ना १७२ मधून शायॅनला जायचं, जेवायचं आणि परत यायचं असं ठरलं. शायॅन ही वायोमिंगची राजधानी, आमच्या उत्तरेला, गाडीने दीड-पावणेदोन तास.

काल रात्री वजनाचा हिशोब मांडायला बसले. सासूबाईंना वजन विचारणं हे पहिलं संकट. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात मी गुपचूप सहा किलो मिळवले. आमची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांच्या वर, आणि शनिवारी दुपारी तापमान ३३ अंश. टाकी पूर्ण भरली तर वजन मर्यादेबाहेर जात होतं. अर्धी भरली तर कागदावर बसत होतं, अगदी काठोकाठ. पण चढण मिनिटाला जेमतेम साडेतीनशे फूट. तीसुद्धा विमान कोरं करकरीत असताना कंपनीच्या वैमानिकाने काढलेली. हेच विमान समुद्रसपाटीला सातशेच्या पुढे चढतं. मी नाही म्हणून टाकलं.

सासरे म्हणाले, "चौघांनी काय होतंय? वणीच्या यात्रेला नांदुरीच्या घाटातून चव्वेचाळीस सिटांच्या गाडीत शंभर माणूस गडावर नेलंय मी. टपावरचे वेगळे." तेव्हापासून अबोला आहे. भाकरी वाढताना "बास" एवढाच काय तो संवाद.

तर, शायॅनच्या धावपट्टीची माहिती काढताना १९९६ चं ते प्रकरण आठवलं आणि त्याचा तपास अहवाल पुन्हा वाचून काढला. आपल्याकडेही तेव्हा पेपरात आलं होतं, चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल.

जेसिका दुब्रॉफ. वय सात, आठवा वाढदिवस साडेतीन आठवड्यांवर. कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या हाफ मून बेपासून निघायचं, पार पूर्व किनाऱ्यावरच्या फॅलमथला जायचं आणि आठ दिवसांत परत यायचं, असा बेत. विमान सेस्ना १७७बी, चार सिटांचं, एका इंजिनाचं, प्रशिक्षकाच्या मालकीचं. पुढे डावीकडे जेसिका, उजवीकडे प्रशिक्षक, मागे वडील. तिला काचेतून दिसावं म्हणून बुडाखाली उशी, पाय पोचावेत म्हणून पेडलांना जोड. टोप्या छापून घेतलेल्या, वाटेत वाटायला. एका टीव्ही वाहिनीने वडिलांकडे कॅमेरा आणि कोऱ्या कॅसेटी देऊन ठेवलेल्या. आणि ज्या 'सर्वात लहान वैमानिक' विक्रमासाठी हा खटाटोप, तो प्रकार गिनीजने १९८९ मध्येच बंद केला होता! नोंद करून घ्यायला कुणी बसलेलंच नव्हतं.

१० एप्रिलला हाफ मून बे, एल्को, रॉक स्प्रिंग्ज असं करत संध्याकाळी शायॅन. सगळा दिवस विमानात. रात्र हॉटेलात. ११ ला सकाळी फोनवर मुलाखती, आणि पश्चिमेकडून गडगडत येणारं वादळ. पूर्वेला, म्हणजे त्यांना जायचं त्या दिशेला, हवा बरी होती. लवकर सटकलो तर सुटलो, असा हिशोब.

आता बारीकसारीक गोष्टी बघा. इंजिन सुरू केलं तेव्हा पुढच्या चाकाची उटी काढायची राहिलेली होती. (आपले ट्रकवाले चाकाला दगड लावतात, तीच उटी. विमानाला लाकडाची किंवा रबराची असते.) इंजिन बंद करून ती काढावी लागली. मग टॉवरने सांगितलं की दृश्यमानता पावणेतीन मैलांवर आली आहे, नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायची साधी परवानगी आता मिळणार नाही, तुमचा विचार काय? तर यांनी मागितलं 'स्पेशल आयएफआर'. असा प्रकारच नसतो. आयएफआर म्हणजे उपकरणांवर उडणं, व्हीएफआर म्हणजे नजरेने. म्हणायचं होतं 'स्पेशल व्हीएफआर', म्हणजे कमी दृश्यमानतेतही नजरेने उडायची खास परवानगी. टॉवरने सांगितल्यावर दुरुस्त केलं. थोडं आधी उडालेल्या एका विमानाने वेगात १५ नॉटचे हिसके बसल्याचं कळवलं होतं, तेही टॉवरने यांच्या कानावर घातलं.

८ वाजून २४ मिनिटांनी, पावसात, चाकं सुटली. पाहणाऱ्यांनी सांगितलं ते एवढंच: विमान हळू होतं, खाली होतं आणि नाक वर होतं. उजवीकडे वळायला लागलं, डगमगलं आणि जवळजवळ सरळ खाली आलं. वस्तीतल्या एका घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. तिघंही गेले. जमिनीवर कुणाला लागलं नाही.

वजन मर्यादेपेक्षा ९६ पौंड जास्त होतं. चव्वेचाळीस किलो. साखरेचं एक पोतंसुद्धा नाही.

सात वर्षांची मुलगी, यावर जग बोलून झालंय. मला त्या पोत्यावर आणि त्या उटीवर बोलायचंय. उडणारे, उडवणारे, न उडणारे, सगळे या.

रिकामटेकडा | शुक्रवार, रात्री १०:३१

सात वर्षांच्या पोरीच्या हातात विमान दिल्यावर पडणारच की. यात उटी कुठून आली? अमेरिकेत काहीही चालतं.

सोनटक्का | शुक्रवार, रात्री १०:४०

@रिकामटेकडा, ती चालवत नव्हती. दोघांच्या हाडांच्या जखमा तपासून निष्कर्ष निघाला की शेवटी विमान प्रशिक्षकाच्या हातात होतं. कायद्याच्या लेखी जेसिका प्रवासीच. अमेरिकेत एकट्याने उडायला सोळा वर्षं लागतात, लायसन्सला सतरा. म्हणजे अहवालातला वैमानिक बावन्न वर्षांचा, लायसन्सवाला, शिकवणारा माणूस आहे. माझी झोप उडाली ती त्यामुळेच. सात वर्षांच्या मुलीने केलेली चूक मी करणार नाही, अशी मनाची समजूत घालता आली असती.

मिसळकट्टा | शुक्रवार, रात्री १०:४४

वाचतोय. सासऱ्यांचा फॅन झालोय. टपावरचे वेगळे!!

चिंत्या | शुक्रवार, रात्री ११:०२

बाळबोध प्रश्न. बातम्यांत 'विमान स्टॉल झालं' येतं, म्हणजे इंजिन बंद पडलं असंच ना? आमची स्कूटर होते तशी?

दोनशेतास | शुक्रवार, रात्री ११:२०

नाही दादा. इंजिन ठणठणीत असताना पण स्टॉल होतो. मी विदर्भातल्या एका अकादमीत शिकतोय, आम्हाला पहिल्याच महिन्यात हे समजावतात. मी घरी आईला समजावलं तसं सांगतो.

चालत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढा, कंडक्टर बघत नसताना. तळहात जमिनीला समांतर. आता अंगठ्याकडची कड जराशी उचला. हात आपोआप वर जातो. अजून थोडी उचला, अजून वर. पण एका कोनानंतर हात वर जायचं सोडून नुसता मागे फेकला जातो. तो स्टॉल. पंखावरून हवा चिकटून वाहत होती, ती सुटली.

वेग कमी झाला की विमान हवेत राहावं म्हणून वैमानिक नाक वर ओढतो, म्हणजे तो कोन वाढवतो. म्हणून हळू, खाली, नाक वर ही तीन लक्षणं एकत्र ऐकली की आमचे सर डोळे मिटतात. त्यात वळण घेतलं की आणखी वांधा. विमान ४५ अंश कललं तर स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, ६० अंशाला ४१ टक्के. म्हणजे सरळ जाताना पुरणारा वेग वळताना पुरत नाही.

उपाय एकच, नाक खाली. उंची असेल तर दोन-तीनशे फुटांत सावरतं. टेकऑफनंतर लगेच झालं तर तेवढे फूट खाली नसतातच. आणि जमीन समोर दिसत असताना नाक खाली घालायला हात होत नाही, अंगातच नसतं ते. मुद्दाम घोटून घ्यावं लागतं.

टॉवरकाका | शनिवार, सकाळी ६:१५

सोनटक्का, तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच केलंत. अबोला चार दिवसांत जाईल.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये नोकरी केली, शेवटची अकरा वर्षं नागपूरला. दोनशेतास यांनी पंखाचं छान सांगितलं. मी हवेचं सांगतो, कारण 'डेन्सिटी अल्टिट्यूड' हा शब्द अजून धाग्यात कुणी काढला नाही.

विमानाला नकाशा कळत नाही. हवा किती दाट आहे एवढंच त्याला कळतं. हवा गरम झाली की विरळ होते, आणि विमानाला वाटतं आपण उंच डोंगरावर आहोत. गणित सोपं आहे. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात, दर हजार फुटांना २ अंश कमी. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट मिळवायचे.

आमचं सोनेगाव १,०३३ फुटांवर. तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यातल्या दुपारी ४५. फरक ३२. बत्तीस गुणिले १२० म्हणजे ३,८४०. बेरीज ४,८७३ फूट. म्हणजे नागपूरच्या धावपट्टीवर उभ्या विमानाला वाटतं आपण महाबळेश्वरच्या वर आहोत, कळसूबाईच्या माथ्याला जेमतेम पाचशे फूट बाकी आहेत. खाली आपण संत्र्याच्या बर्फीचे डबे भरतोय आणि ते डोंगरावर. म्हणून शिकाऊ पोरं उन्हाळ्यात पहाटे उडतात. लेहला गेलेल्यांनी पाहिलं असेल, तिथलीही विमानं सकाळी-सकाळी उरकतात. दुपारचे वारे हे एक कारण, आणि १०,६०० फुटांवर हवा तापू लागली की उरलीसुरली ताकद जाते, हे दुसरं.

शायॅनला त्या दिवशी उलटंच होतं. हवा थंड, चार-पाच अंश. तरी डेन्सिटी अल्टिट्यूड ६,६७० फूट, कारण विमानतळ मुळातच सहा हजारांच्या वर. प्रशिक्षकाची रोजची धावपट्टी, हाफ मून बेची, ६६ फुटांवर. सहासष्ट. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला घाटावर आणून पळायला लावल्यासारखं.

याचे दोन परिणाम. पहिला सगळ्यांना कळतो. साध्या इंजिनाची ताकद तेवढ्या उंचीवर सुमारे पाचवा हिस्सा कमी होते. दुसरा डोळ्यांचा आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. विरळ हवेत काटा ७० दाखवत असतो तेव्हा जमीन खालून ऐंशीच्या घरात पळत असते. समुद्राकाठची सवय असलेला डोळा म्हणतो, वेग भरपूर आहे. वारा पाठीमागून मिळाला तर आणखीच भरपूर वाटतो. आणि हात नाक वर ओढतो. काटा बघितला तर कळतं. पण काचेवर पाऊस, शेजारी मूल, समोर ढग, अशा वेळी काटा कोण बघतो बाप्पा.

एक गोष्ट आमच्या बाजूची. लोक विचारतात, टॉवरने सोडलंच का? हवामान किमान मर्यादेत असलं आणि परवानगी मागितली, तर टॉवर परवानगी देतो. जायचं की नाही हे विमानात बसलेला ठरवतो, कागदोपत्री आणि खरोखरही. आम्ही फार तर 'तुमचा विचार काय?' असं विचारतो. माझ्या हयातीत हा प्रश्न मी कधी नुसती चौकशी म्हणून विचारलेला नाही. ज्यांना कान होते ते समजायचे आणि पार्किंगला परत जायचे.

मिसळकट्टा | शनिवार, सकाळी ८:०५

काका, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली). आता नागपूरला उतरताना कान दुखले तर कळसूबाईला नमस्कार करीन.

रिकामटेकडा | शनिवार, सकाळी ९:२०

ठीक आहे, चालवत नव्हती. पण चव्वेचाळीस किलोने विमान पडतं हे पटत नाही. इंजिनिअर लोक फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतात की. सोनटक्काचे सासरे बरोबर आहेत.

बेरकीनाना | शनिवार, सकाळी ९:४८

रिकामटेकडा, नुसत्या ४४ किलोने पडलं असं कुणीच म्हणत नाहीये. अहवालाचं वाक्य लांबलचक आहे: बिघडत चाललेल्या हवेत, जादा वजन घेऊन, सवयीपेक्षा जास्त डेन्सिटी अल्टिट्यूडला उडायचा निर्णय, आणि मग वेग न राखल्यामुळे स्टॉल. शिवाय हातभार कशाचा, तर अवाजवी वेळापत्रक पाळायच्या ओढीचा, आणि त्यात प्रसिद्धीमाध्यमांना दिलेले शब्द. तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने 'पत्रकारांना दिलेली वेळ' हे अपघाताच्या कारणांत लिहावं, हे मला तरी दुसरीकडे वाचल्याचं आठवत नाही.

आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी पंख मोडू नये म्हणून असतो, चढण मिळावी म्हणून नाही. एसटी जड झाली तर घाटात पहिल्या गिअरमध्ये रडत का होईना चढते, फारच झालं तर थांबते. विमानाला थांबायची सोय नाही.

वजनावरून दुसरं प्रकरण. २५ ऑगस्ट २००१, बहामातलं मार्श हार्बर. अमेरिकन गायिका आलिया आणि तिची मंडळी चित्रीकरण आटोपून निघाली होती. सेस्ना ४०२बी, दोन इंजिनांचं. सामान एवढं की वजन मर्यादेच्या शेकडो पौंड वर गेलं, आणि भार मागे सरकला तो वेगळाच. उडाल्या उडाल्या पडलं, नऊच्या नऊ गेले. वैमानिकाच्या अंगात दारू आणि कोकेनचे अंश सापडले, म्हणून सगळे तेवढंच लक्षात ठेवतात. बॅगा कुणी लक्षात ठेवत नाही.

आपल्याकडे केदारनाथच्या हेलिकॉप्टरला काट्यावर उभं करून वजन करतात. फाट्याच्या हेलिपॅडवर आमच्या ग्रुपमधल्या एका मावशींनी पर्स, स्वेटर, चपला सगळं काढून नवऱ्याकडे दिलं आणि मग काट्यावर चढल्या. वजन झाल्यावर सगळं परत घेतलं. काटेवाला हसला नाही. त्याने नवऱ्यासकट दोघांना पुन्हा चढवलं.

ओलीमाती | शनिवार, दुपारी १:३३

हे लिहू की नको करत होते.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना स्केटिंगच्या क्लासने एक 'विक्रम' ठरवला होता. सलग अमुक तास, इतकी मुलं, प्रमाणपत्र, वगैरे. क्लासचं नाव सांगत नाही, आता तो बंद झालाय. आदल्या रात्री मुलाला ताप आला. १०१. सकाळी साडेसहाला निघायचं होतं. टोपीवर आणि टी-शर्टवर नाव छापून आलं होतं. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन केलेले. स्थानिक चॅनलवाले आठला येणार होते. मी त्याला तापाचं औषध पाजलं, घाम आल्यावर ताप उतरला, आणि नेलं.

काही झालं नाही. दोन तासांनी तो बसला, मग पुन्हा उठला, प्रमाणपत्र मिळालं. फोटोत डोळे लाल दिसतात. हॉलमध्ये लावला होता, गेल्या वर्षी रंगकाम निघालं तेव्हा उतरवला, परत लावला नाही.

सोनटक्का, तू टोप्यांचं लिहिलंस तिथे मी थांबले. टोपी छापून आली की माणूस परत फिरत नाही गं. मी शपथेवर सांगते, त्या सकाळी माझ्या डोक्यात 'नेऊ का नको' हा प्रश्नच नव्हता. 'औषध कधी देऊ म्हणजे आठपर्यंत ताप उतरेल' हा होता.

सोनटक्का | शनिवार, दुपारी १:५०

ओलीमाती, लिहिलंस ते बरं केलंस. मिठी.

आणि तू जे म्हणालीस ना, प्रश्नच बदललेला असतो, तेच मला उटीबद्दल म्हणायचं होतं आणि नीट सांगता येत नव्हतं. उटी राहिली म्हणून विमान पडलं नाही. पण इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानाभोवती एक फेरी मारायची असते. हात लावून सगळं बघायचं, इंधन, ऑइल, पंखांचे स्क्रू, टायर. उटी त्या फेरीत पायाला अडखळते इतकी समोर असते. ती राहिली म्हणजे त्या फेरीत माणूस तिथे नव्हताच. तो पुढच्या मुक्कामाला, लिंकनला, जाऊन पोचला होता.

रिकामटेकडा | शनिवार, दुपारी २:१५

ते सगळं खरं असेल, पण बापाला काहीच जबाबदारी नाही का? आणि आई? आधी त्यांना

*[प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित.]*

संपादक | शनिवार, दुपारी २:४०

ज्यांचं मूल गेलं त्यांच्याबद्दल ही भाषा इथे चालणार नाही. तीन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचं काश्मीर, म्हणजे भांडणाचा आखाडा, करू नका.

अशिलमित्र | शनिवार, दुपारी ४:०८

जबाबदारीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं सांगतो. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९६ मध्ये, तिथे बाल वैमानिक सुरक्षा कायदा झाला. मजा बघा, त्यात मुलांनी विमानाला हात लावायचा नाही असं म्हटलेलं नाही. म्हटलंय ते असं: ज्याच्याकडे लायसन्स आणि वैद्यकीय दाखला नाही, असा कुणी विक्रम, स्पर्धा किंवा पराक्रम म्हणून उडू पाहतोय हे माहीत असताना, वैमानिकाने त्याच्या हाती विमान द्यायचं नाही. दिलं तर वैमानिकाचं लायसन्स जाऊ शकतं. रविवारी बापाशेजारी बसून मुलीने दोन मिनिटं दांडा धरला तर कायद्याला काही म्हणायचं नाही. कॅमेरा आला की म्हणायचं आहे. मला तरी मसुदा लिहिणारा शहाणा वाटतो.

दोनशेतास | शनिवार, रात्री ८:५५

मला एक कबूल करायचंय. अकादमीचं नाव विचारू नका.

कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, माझे झालेत १३८. बाबांनी शेतावर कर्ज काढलंय. विमानं कमी, पोरं जास्त, एक सॉर्टी (उड्डाणाची पाळी) चुकली की पुढचा नंबर आठ-नऊ दिवसांनी. जूनमध्ये एका सकाळी माझा नंबर होता, एकट्याची सॉर्टी. पश्चिमेला काळं भरून आलेलं दिसत होतं, पण लांब. माझ्या डोक्यात गणित चालू होतं, एक तास म्हणजे किती रुपये, आठ दिवसांचं मेसचं किती. ढगाचं गणित नव्हतं.

गेलो. चाकं सुटल्यावर तीनशे फुटांवर पहिला झोका बसला. वेगाचा काटा ७२ वरून ६० वर आला आणि परत ७५. पोटात गोळा. नाक खाली धरलं, कारण घोटून घेतलेलं होतं, आणि जमीन वर येताना दिसत होती. सरळ गेलो, वळायचं धाडसच होईना. मग हळूहळू फेरी पूर्ण करून उतरलो. सहा मिनिटांची सॉर्टी. शर्ट पिळून काढला असता. सर काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत वेळ लिहिली, ०.१, आणि माझ्याकडे वही सरकवली.

अजून ६२ तास बाकी आहेत.

टॉवरकाका | शनिवार, रात्री ९:३०

बाळा, सरळ गेलास तेच चांगलं केलंस. टेकऑफनंतर काही बिनसलं की पाठीमागची धावपट्टी फार गोड दिसते. इंजिन गेलं तरी तेच. कमी उंचीवर मागे वळायला गेलेले बरेच जण त्या वळणातच स्टॉल होऊन पडले आहेत. समोर शेत असेल तर शेत, नाही तर जे असेल ते, पण पंख सपाट ठेवून आणि वेग राखून. मोडकं विमान विमा कंपनी बघून घेईल.

तुझे सर कोण आहेत मला माहीत नाही, पण काही न बोलता वही सरकवणारा माणूस मला आवडला.

चिंत्या | रविवार, सकाळी ७:१०

धागा एका बैठकीत वाचला. आता मूळ मुद्दा. सासऱ्यांचं काय झालं? शनिवार उलटून गेला.

ओलीमाती | रविवार, सकाळी ९:०२

हो ना! अबोला संपला का?

सोनटक्का | रविवार, रात्री ११:२६

सांगते, आत्ताच ताटं आवरून बसले.

शनिवारी रात्री त्यांना म्हटलं, बाबा, पहाटे पाचला तयार राहा, आपण दोघंच. काही बोलले नाहीत. पाच वाजता बघते तर अंघोळ, गंध, मफलर, आणि दारात बूट घालून बसलेले. चार पासून.

सहाला धावपट्टीवर. सोळा अंश, वारा नाही, अर्धी टाकी, दोन माणसं. टॉवरकाकांच्या सूत्राने आकडेमोड केली तर साडेसहा हजारांच्या आसपास आलं, जवळजवळ त्या सकाळच्या शायॅनएवढंच. हातातला कागद मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग फेरी मारली. बाबा मागून मागून, हात पाठीशी बांधून. टायर त्यांनीही दाबून बघितला.

उडालो, व्यवस्थित चढलं. अर्धा तास उत्तरेला जाऊन परत आलो, शायॅनपर्यंत नाही गेलो. डावीकडे अख्खी रॉकीजची रांग, शेंड्यांवर बर्फ, त्यावर कोवळं ऊन. मी म्हणतेय बाबा बघा, बाबा तो बघा लाँग्ज पीक. त्यांनी एकदा "हां" म्हणून घेतलं. नजर सगळा वेळ वेगाच्या काट्यावर. मी काटा सोडून बाहेर बघायला लागले की घसा खाकरायचे.

उतरून पार्किंगला आले, इंजिन बंद केलं, वही लिहायला घेतली. बघते तर हे खाली उतरून वाकलेले. उटी शोधत होते. "इकडं उतार आहे," म्हणाले, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी लावून पायाने ठोकून बघितल्या.

मिसळकट्टा | रविवार, रात्री ११:४०

आणि बोलले काय? वणीची यात्रा मागे घेतली की नाही?

सोनटक्का | रविवार, रात्री ११:५२

यात्रेचं नाव काढलं नाही. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न, "दहा लिटरला किती देतं?"

मी हिशोब करून सांगितलं, तासाला तीसेक लिटर पितं आणि दोनशे किलोमीटर जातं, म्हणजे दहा लिटरला साठ-पासष्ट. घर येईपर्यंत गप्प. दारात बूट काढताना म्हणाले, "आमची पंचेचाळीसच्या वर कधी गेली नाही."